सूचक एक, अनामत 100 रुपये

25 जुलै 2022, सोमवार. खाचरात लावणीचा शेवटचा तुकडा उरला होता आणि पावसाने जरा उघडीप दिली होती. आमच्या पाड्यावर फोनला रेंज येते ती फक्त बांधावरच्या ऐनाच्या झाडाखाली. तिथे आम्ही सहा-सात बायका चिखलाच्या पायांनी उभ्या राहून एका फोनवर द्रौपदी मुर्मूंचा शपथविधी बघत होतो. भाषणाच्या सुरुवातीलाच त्या 'जोहार' म्हणाल्या. सासूने हातातली रोपांची जुडी न सोडता विचारलं, "आपल्यातली का गं?"

"संथाल आहेत, आई. ओडिशाच्या. मयूरभंज जिल्हा."

"म्हंजे आपल्यातलीच," असं म्हणून ती परत चिखलात उतरली.

मी थोडा वेळ तिथेच थांबले. वॉर्डाच्या नगरसेविकेपासून राष्ट्रपतिपदापर्यंत यायची संधी मिळाली, असं काहीसं त्या बोलल्या. बाकीचं भाषण विसरले, 'वॉर्ड' एवढा शब्द डोक्यात राहिला. कारण ग्रामपंचायतीची निवडणूक येणार होती, आमच्या प्रभागातली एक जागा सोडतीत अनुसूचित जमाती स्त्रीसाठी निघाली होती आणि बचत गटातल्या बायका पंधरा दिवस माझ्या मागे लागल्या होत्या. गटाचा हिशेब मी लिहिते, मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलंय, एवढंच माझं भांडवल. आमचा तालुका पालघर जिल्ह्यातला, सगळाच्या सगळा अनुसूचित क्षेत्रात मोडणारा. इथे सरपंच जमातीचाच होतो आणि निम्म्या जागा बाईच्याच असतात. प्रश्न असतो तो कागदांचा. अर्ज कसा भरायचा हे मला कुणी नीट सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं त्यांना सांगायचं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. नियम बदलत असतात, तेव्हा तुमच्या वेळचं परिपत्रक तहसीलमधून मागून घ्याच.

मी पहिल्यांदा भाऊसाहेबांकडे, म्हणजे ग्रामसेवकांकडे गेले ती 2 ऑगस्टला. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली: जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र (म्हणजे तो दाखला खरा असल्याचं तपासणी समितीचं प्रमाणपत्र) किंवा त्यासाठी अर्ज केल्याची पोच आणि मुदतीत वैधता सादर करीन असं हमीपत्र, मतदार यादीतल्या नावाचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा दाखला, मालमत्तेची आणि गुन्ह्यांची माहिती देणारं घोषणापत्र, दोनच मुलं असल्याचं घोषणापत्र, निवडणुकीपुरतं वेगळं बँक खातं. जन्म 1 जानेवारी 1995 चा किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास असल्याचा पुरावा. माझा जन्म 1991चा, त्यामुळे ते कलम मला लागू नव्हतं. भाऊसाहेबांनी यादीखाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, "पण ताई, दाखला माहेरच्या नावाचा, मतदार यादी सासरच्या नावाची. मधला पूल कुठाय?"

मधला पूल म्हणजे विवाह नोंदणी. आणि आमच्याकडे तिथेच गंमत आहे. वारली माणसाला लग्नाचा खर्च झेपेपर्यंत जोडपं एकत्र राहतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी 2011 मध्ये या घरात आले. भिंतीवर लग्नाचा चौक लिहून, धवलेरीच्या गाण्यांनी लग्न लागलं ते 2016 मध्ये, तेव्हा थोरली चार वर्षांची होती आणि माझ्या मांडीवर बसून हळद लावून घेत होती. नोंदणीच्या अर्जात एकच रकाना: विवाहाचा दिनांक. मी 2016चा लिहिला. त्याखाली पुरोहिताचं नाव आणि सही. आमच्यात लग्न लावते ती बाई, धवलेरी. भाऊसाहेब आधी घुटमळले, मग म्हणाले, लग्न लावणारी व्यक्ती म्हणजे पुरोहितच की. आमची धवलेरी आजी सत्तरीची. तिला मोटारसायकलवर मधे बसवून आणली. पुरोहिताच्या जागी तिचा डाव्या हाताचा अंगठा उमटला. तिघा साक्षीदारांच्या सह्या झाल्या. 100 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, फोटो आणि झेरॉक्स धरून 260 रुपये. प्रमाणपत्र 12 ऑगस्टला हातात आलं. बायांनो, निवडणूक लढवा न लढवा, विवाह नोंदणी करून ठेवा. पुढे रेशन कार्डापासून वारसापर्यंत सगळीकडे तोच कागद लागतो.

दुसरी अडचण माझ्याच नावाची. मी बुधवारी जन्मले म्हणून घरात बुधी. शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी हजेरीत सुनीता लिहिलं. वडिलांच्या जुन्या कागदांवर बुधी, माझ्या सगळ्या दाखल्यांवर सुनीता. लहानपणी मला वाटायचं, गुरुजींनी छान नाव दिलं. आता तहसीलच्या बाकावर बसून 'बुधी आणि सुनीता ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र करताना तो राग कुठून आला कळेना. त्याच दुपारी रांगेत फोनवर वाचलं की राष्ट्रपतींचंही संथाली नाव पुटी, द्रौपदी हे शाळेतल्या शिक्षकांनी ठेवलेलं. मला हसू आलं. शेजारच्या माणसाने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही.

वैधतेने मात्र खरं पाणी पाजलं. जमातीचा दाखला बापाकडून येतो, नवऱ्याकडून नाही, तेव्हा सगळे पुरावे माहेरचे. त्यातही 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा असला तर तो सगळ्यात भारी. माझ्या आज्याने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वडील चौथीपर्यंत गेले. दोघांच्याही जन्माच्या तारखा 'त्या मोठ्या पावसाच्या वर्षी' अशा. एका निवृत्त तलाठ्याने युक्ती सांगितली: जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना 14, तहसीलच्या अभिलेख कक्षात असते, आज्याचं नाही सापडलं तर आज्याच्या भावाबहिणीचं शोध.

त्या कक्षात मी तीन वेळा गेले. पहिल्या खेपेला संबंधित माणूस रजेवर. दुसऱ्या खेपेला बस्ते सापडले, वर्ष सापडेना. तिसऱ्या खेपेला, 30 ऑगस्टला, चुलत आज्याच्या जन्माची 1941 ची नोंद सापडली. पण मोडीत. मला त्यातलं एक अक्षर लागेना. कारकून म्हणाला, ओळ तर हीच दिसते, पण वाचून कोण देणार? मोडीचे जाणकार शोधून लिप्यंतर करून घेतलं, 300 रुपये. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं, तेव्हा जमातीच्या रकान्यात 'वारली' असा शब्द होता. माझ्या घराण्याबद्दल कुणीतरी शाईने लिहिलेली पहिली ओळ मी एकतिसाव्या वर्षी पाहिली, तीही वाचता न येणाऱ्या लिपीत. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "आपण वारली हे वहीत बघायला एवढे दिस लागले?"

इथे एक व्यवहाराची गोष्ट. नुसती झेरॉक्स चालत नाही. नकलेसाठी रीतसर अर्ज करून शिक्का मारलेली नक्कल घ्यायची, तीही दोन प्रती. आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करताना आजा, चुलत आजा, वडील, तुम्ही अशी झाडासारखी मांडणी करा आणि प्रत्येक नावापुढे पुरावा क्रमांक टाका. माझ्या पहिल्या मसुद्यात चुलत आजा आणि आजा यांचा बाप एकच हे लिहायचं राहिलं होतं. तेवढ्यासाठी जीपचे जाऊन-येऊन 80 रुपये आणि एक दिवसाची मजुरी गेली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निवडणूक कार्यक्रम जाहीर झाला. अर्ज 21 ते 27 सप्टेंबर, छाननी 28 ला, माघार 30 ला दुपारी 3 पर्यंत, मतदान शेवटी ठरलं ते 16 ऑक्टोबरला, मोजणी 17 ला. 24 आणि 25 ला शनिवार-रविवार म्हणून अर्ज घेणार नव्हते. म्हणजे सात दिवसांतले कामाचे पाचच. जमातीचे दाखले तपासणाऱ्या समितीकडे वैधतेचा अर्ज केल्याची पोच मला 19 सप्टेंबरला मिळाली. दोन दिवस आधी.

अर्ज आधी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, मग त्याची छापील प्रत सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची, सकाळी 11 ते दुपारी 3. मी 22 तारखेला सेवा केंद्रात बसले. पाऊस लागला, नेट गेलं. 23 ला पुन्हा. मालमत्तेच्या रकान्यात काय लिहायचं यावर नवरा आणि मी अर्धा तास वाद घातला. दोन बैल, एक मोटारसायकल (कर्जाची), गटातली बचत 4,200, माझी बोरमाळ. काहीही लपवू नका आणि कुठलाही रकाना कोरा ठेवू नका. नसेल तर 'निरंक' लिहा. कोऱ्या रकान्यावरून अर्ज अडकतात. सेवा केंद्राचे 150 रुपये.

बँक खातं मी आधीच, 13 तारखेला, 500 रुपये भरून उघडलं होतं. ज्यांनी शेवटच्या दोन दिवसांवर ठेवलं त्यांची धावपळ पाहवत नव्हती. चौथा शनिवार, रविवार, आणि सोमवारी घटस्थापना.

त्याच घटस्थापनेच्या सोमवारी मी अर्ज घेऊन गेले. रांग पायऱ्यांपर्यंत. ही रांग म्हणजे एक जत्राच असते: फायली, नारळ, एकमेकांच्या अर्जात डोकावणारे लोक, कुणाचा तरी दीर सगळ्यांना सल्ले देत फिरतोय. मी तीन तास उभी होते. तेव्हा मनात एक हिशेब मांडला. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, अनामत 15,000 रुपये. मला सूचक एक, अनामत राखीव प्रवर्गाची म्हणून 100 रुपये. तिथे खासदाराच्या मताचं मूल्य 700 धरलं होतं आणि महाराष्ट्राच्या आमदाराचं 175. माझ्या प्रभागात सगळ्यांचं एक. पण एक कागद दोन्हीकडे सारखा: मतदार यादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत. ती त्यांनाही जोडावी लागते. 24 जूनला त्यांनी अर्ज भरला तेव्हा तोही कागद कुणीतरी काढून आणला असणार, शिक्का नीट उमटलाय की नाही बघितलं असणार. का कोण जाणे, त्या विचाराने पाय दुखायचे थांबले.

माझा नंबर आला. साहेबांनी अर्ज उलटला आणि सूचकाच्या सहीवर पेन ठेवला. "हे नाव तुमच्या प्रभागात नाही."

माझी सूचक म्हणजे शेजारची वहिनी. तिचं घर माझ्या घरापासून वीस पावलांवर. पण मधून ओहोळ जातो आणि प्रभागाची हद्दही त्या ओहोळानेच जाते. उमेदवार ग्रामपंचायतीतल्या कुठल्याही प्रभागाचा मतदार असला तरी चालतो, सूचक मात्र त्याच प्रभागातला हवा. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. रडले नाही, पण नाकातून पाणी आलं. एक दिवस हातात होता तो मी शहाणपणाने नव्हे, नशिबाने ठेवला होता. त्या रात्री गटातल्या दुसऱ्या बाईची सही घेतली, आधी यादीत तिचं नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक तीनदा तपासून. 27 ला दुपारी 2 वाजून 20 मिनिटांनी अर्ज दाखल झाला. पोच घेताना वेळ लिहून घ्या.

28 ची छाननी. माझ्यावर हरकत आली. हरकत अशी की आमचं घर वनजमिनीवर आहे, म्हणजे सरकारी जागेवर अतिक्रमण आहे, म्हणजे मी अपात्र. हरकत घेणारा माणूस ओळखीचाच, माझ्या लग्नात जेवून गेलेला. त्याचं नाव इथे घेत नाही.

कायद्यात सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्याला अपात्रता आहे, हे खरं. पण आमच्या घराखालची आणि मागच्या वरकस जमिनीची कथा वेगळी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सासऱ्यांनी दावा केला होता, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा कब्जा दाखवून, आणि पट्टा, म्हणजे त्या जमिनीच्या हक्काचा कागद, मिळाला होता. तो पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो, त्यामुळे सासूचंही नाव त्यावर आहे. मी पट्ट्याची प्रत नेलीच नव्हती. यादीत तो कागद नव्हता! नवऱ्याने घरी फोन लावला, अर्थात रेंज नाही. शेवटी दिराने मोटारसायकल काढली. पाऊण तासाने सासू स्वतः मागे बसून आली. पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात. तिने तो साहेबांच्या टेबलावर ठेवला पण हात काढला नाही. साहेब म्हणाले, "आजी, सोडा, वाचायला द्या." ती म्हणाली, "वाचा की, मी धरते."

हरकत फेटाळली. लेखी निकाल मागून घ्या, तोंडी नको.

जमिनीची ही भीती शहरातल्या माणसाला कळणार नाही. मुर्मूंच्या सगळ्या कारकिर्दीत मला सर्वांत जास्त भिडलेली गोष्ट हीच. त्या झारखंडच्या राज्यपाल असताना, 2017 मध्ये, छोटानागपूर आणि संथाल परगणा कुळ कायद्यांच्या दुरुस्तीची विधेयकं त्यांनी परत पाठवली होती. आदिवासी जमिनीचा बिगरशेती वापर मोकळा करण्याचा तो बेत होता, राज्यात मोर्चे निघत होते. सरकार त्या ज्या पक्षातून आल्या त्याच पक्षाचं होतं. नेमणुकीच्या पदावर बसलेल्या माणसाने काय करायचं यावर लोक तासन्‌तास बोलतील. मी फक्त सासूचा पट्ट्यावरचा हात पाहिला होता.

30 तारखेपर्यंतचे दोन दिवस वाईट गेले. 'बिनविरोध करू, तुला पुढच्या खेपेला देऊ', 'बाईमाणसाने कशाला', 'मुलं लहान आहेत'. मावससासऱ्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी चहा केला आणि गप्प बसले. माघारीचा अर्ज उमेदवाराला स्वतः सही करून द्यावा लागतो, म्हणून मी 30 ला तीनपर्यंत फोन घरी ठेवून बहिणीच्या खाचरात भात कापायला गेले. हा सल्ला नाही, मी काय केलं ते सांगितलं. चिन्ह म्हणून कपबशी मागितली होती, ती दुसरीला गेली. मला छत्री मिळाली. आमच्या पट्ट्यात याहून ओळखीची वस्तू नाही, त्यामुळे बरंच झालं.

प्रचार म्हणजे रात्री आठनंतर पाड्या-पाड्यांवर फिरणं. दिवसा सगळे हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताच्या कापणीला. बरं एवढंच की मतदान दिवाळीच्या आधी होतं. दिवाळीनंतर अर्धा गाव वीटभट्टीवर जातो आणि मग मतदार शोधायला भिवंडीपर्यंत जावं लागतं. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराची खर्चमर्यादा तेव्हा 25,000 रुपये होती. माझा खर्च झाला 6,090. पत्रकं 1,200, दोन फ्लेक्स 900, एक दिवसाची जीप 1,800, चहा-बिस्किटं 1,150, पेट्रोल 800, झेरॉक्स 240. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या असावीच लागते. नसेल तर तुमच्याकडे बोट दाखवायला लोक टपलेले असतात. प्रत्येक पावती त्याच रात्री एका वहीत चिकटवा. मी कणकेच्या खळीने चिकटवल्या, तर दोन उंदराने खाल्ल्या. डिंक वापरा.

लोकांनी काय विचारलं? रस्ता कुणी विचारला नाही. पाण्याची टाकी, रोजगार हमीचे थकलेले पैसे आणि "निवडून आल्यावर बोलशील तू की तुझा नवरा?" हा प्रश्न बायकांनीच विचारला, तोही सगळ्यात जास्त वेळा.

16 ऑक्टोबर, रविवार. सकाळी साडेसातला मतदान सुरू. दिवसभर शाळेच्या आवाराबाहेर उभी होते, उलटीची भावना होत होती, जेवण गेलं नाही. त्या रात्री झोप लागेना म्हणून मुर्मूंच्या आयुष्यातल्या तारखा मनात ओळीने लावत बसले. लोक 1997 पासून मोजतात, रायरंगपूर नगर पंचायतीच्या नगरसेविका झाल्या तिथून. मग 2000 मध्ये आमदार, लगेच मंत्री, 2004 मध्ये पुन्हा आमदार, 2015 मध्ये झारखंडच्या पहिल्या महिला राज्यपाल. जिना चढल्यासारखं वाटतं. पण त्या भुवनेश्वरच्या रमादेवी महिला महाविद्यालयातून पदवीधर झाल्या 1979 मध्ये. ऊपरबेडा गावातून कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. म्हणजे पदवी आणि पहिली निवडणूक यात अठरा वर्षं. त्यात पाटबंधारे आणि वीज खात्यातली कनिष्ठ सहायकाची नोकरी, ती 1983 मध्ये सुटली, मग संसार, मग रायरंगपूरच्या शाळेत शिकवणं. या अठरा वर्षांवर कुणी लेख लिहीत नाही. मला तीच वर्षं ओळखीची वाटतात. आणि 2009 मध्ये त्या मयूरभंजमधून लोकसभेला पडल्या होत्या. त्यानंतर थोरला मुलगा गेला, 2013 मध्ये दुसरा, 2014 मध्ये नवरा. तिथे माझी मोजणी थांबली. उठून दोन्ही मुलांच्या अंगावर गोधडी सारखी केली.

17 ला तहसीलमध्ये मोजणी. आमच्या ग्रामपंचायतीचा नंबर दुपारी एकला लागला आणि दहा मिनिटांत संपला. एवढ्या अडीच महिन्यांच्या धावपळीचा निकाल दहा मिनिटांत! मला 171, दुसरीला 158, तिसरीला 64, नोटाला 11. तेरा मतांनी आले. पहिल्यांदा आनंद झाला नाही, ज्या 233 लोकांनी मला दिलं नाही त्यांचे चेहरे मी मनात शोधू लागले. छोट्या पाड्यात ते ओळखू येतात, हा वेगळाच ताप. गुलालाला मी नको म्हटलं होतं, तरी दिराने टाकलाच.

आता खरी महत्त्वाची सूचना, कारण इथे कितीतरी जण अडकतात. निकालापासून 30 दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यायचा. जिंकलेल्यांनी आणि हरलेल्यांनीही. न दिल्यास पुढे निवडणूक लढवायला अपात्र ठरता येतं. माझ्याविरुद्ध पडलेल्या दोघींपैकी एकीला हे माहीतच नव्हतं. मी 9 नोव्हेंबरला माझा हिशेब दिला तेव्हा तिलाही सोबत नेलं. सगळ्या वाटेत आम्ही एक शब्द बोललो नाही. येताना तिने जीपचे माझेही पैसे दिले.

पहिल्या सभेत खुर्च्यांची ओळ होती आणि तीन सदस्य बायकांच्या मागे त्यांचे नवरे उभे होते. माझा नवरा तारापूरला पाळीवर गेला होता, आला नाही, आणि हे आम्ही ठरवून केलं होतं. उपसरपंचाच्या निवडीत मी हात कुठे वर करायचा हे मला चार जणांनी आधी सांगितलं होतं. मी कुठे केला ते माझ्याजवळच राहू दे. इतिवृत्ताची वही वाचल्याशिवाय सही करू नका, एवढं मात्र सांगते. "सगळे करतात हो" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळेल.

वैधतेचं काम त्यानंतर चालूच होतं. समितीचं कागदांवर समाधान झालं नाही की प्रकरण दक्षता पथकाकडे जातं. माझंही गेलं, फेब्रुवारीत. पथकाची माणसं माहेरी आली, वडिलांना ओट्यावर बसवून विचारलं: कुलदैवत कोणतं, लग्न कोण लावतं, मयताला काय करता, पहिल्या भाताचं काय करता. वडिलांनी हिरवा, नारनदेव, वाघोबा, कणसरी सगळं सांगितलं, वर नारनदेवाचं एक गाणंही म्हणायला घेतलं, ते थांबेचनात. माणसं शेवटी हसली. पण ती गेल्यावर वडील बराच वेळ गप्प होते. परीक्षा पास झालेल्या माणसासारखे नाही, घराची झडती झालेल्या माणसासारखे. खोटे दाखले काढून आमच्या जागा खाणारे आहेत, म्हणून तपासणी हवी, हे मला पटतं. तरीही तो ओटा डोळ्यांपुढून जात नाही. मोडीतली ती 1941 ची ओळ कामाला आली. हमीपत्रातल्या मुदतीच्या आत, 2023 च्या पावसाळ्यात, वैधता प्रमाणपत्र मिळालं. तहसीलला सत्यप्रत दिली, पोच घेतली.

एक राहिलंच. शपथविधीच्या आधीच्या महिन्यात बातमी आली होती की राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराच्या मूळ गावातल्या एका पाड्यावर वीज नव्हती, उमेदवारी जाहीर झाल्यावर खांब उभे राहू लागले. शहरातले लोक यावर हळहळले. आमच्या गटात ती बातमी वाचली तेव्हा बायका म्हणाल्या, मग आपल्याकडच्या कुणाला उभं करावं म्हणजे वरच्या पाड्याची टाकी होईल? टाकीचा ठराव मी दुसऱ्या ग्रामसभेत मांडला. मंजूर झाला, अंदाजपत्रक झालं, जागेवरून अडलं. पाइपांच्या गुंडाळ्या शाळेमागे पडून आहेत, त्यावर मुलं घसरगुंडी खेळतात.

माझी फाइल, म्हणजे नोंदणी, नमुना 14 ची नक्कल, लिप्यंतर, वंशावळ, पट्टा, हरकतीचा निकाल, खर्चाच्या पोचा, सगळं क्रमाने लावलेलं, सध्या घरी नाही. ओहोळापलीकडची वहिनी, तीच जिची सही माझ्या अर्जावर चालली नव्हती, ती नमुन्यासाठी घेऊन गेली आहे. पट्टा तेवढा सासूने काढून ठेवला. झेरॉक्स दिली म्हणते.